अर्धं पाकीट

माझ्या दुकानातली सगळ्यात जास्त वापरलेली वस्तू म्हणजे कात्री. कामशेतला स्टेशनाजवळ आमचं मेडिकल सुरू होऊन अठ्ठावीस वर्षं झाली, त्यातली ही तिसरी. पहिली झिजली, दुसरी कुणीतरी ‘जरा द्या वहिनी’ म्हणून नेली ती नेलीच. म्हणून हिला गल्ल्याशेजारच्या खिळ्याला सुतळीने बांधून ठेवलीय. दिवसभर तिला एकच काम, गोळ्यांची पाकिटं कापणं. ‘बीपीच्या चार द्या.’ ‘शुगरच्या सहा.’ ‘ती रक्त पातळ व्हायची बारकी गोळी असती ना, तिच्या पाच.’ बाजारात कोथिंबिरीची अर्धी जुडी मागावी तशी माणसं अर्धं पाकीट मागतात.

पाकीट कापायची एक रीत आहे. ती कॉलेजात शिकवत नाहीत, पहिल्या नोकरीत शेठ शिकवतो. बॅच नंबर आणि मुदतीची तारीख ज्या टोकाला छापलेली असते ते टोक दुकानात ठेवायचं, कात्री दुसऱ्या टोकाकडून चालवायची. शेवटची गोळी विकेपर्यंत तारीख आपल्यापाशी राहते. दुकानदाराच्या बाजूने हे बरोबरच आहे. पण चार गोळ्या नेणाऱ्याच्या हातात जो तुकडा पडतो त्यावर तारीख नसते, आणि औषधाचं नावही बहुधा मधोमध तुटलेलं असतं. ॲम्लोडिपिनमधलं ‘लोडिप’ तेवढं उरतं. अख्खं पाकीट नेणाऱ्याच्या घरी औषधाला नाव असतं. चार नेणाऱ्याच्या घरी ती ‘पांढरी गोल गोळी’ असते. रात्री-अपरात्री दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, ‘आजोबांना कुठली औषधं चालू आहेत?’ तर घरची माणसं एकमेकांकडे बघतात आणि सांगतात, ‘पांढरी गोल.’ माझ्या दुकानात पांढऱ्या गोल गोळ्या शे-सव्वाशे तरी असतील.

हृदयाच्या आजाराचं ओझं कुणावर किती, असं कुणी मला विचारलं तर आकड्यांच्या आधी मी ही कात्री दाखवीन.

परवाचीच सोमवारची सकाळ सांगते. शनिवार-रविवारची पर्यटकांची गर्दी ओसरलेली, रस्ता जरा मोकळा. पहिले आले ते पवनेच्या बाजूला बंगला बांधून राहिलेले निवृत्त काका. मुंबईत बँकेत होते, बायपास झाल्याला अकरा वर्षं झाली. त्यांच्याकडे वार छापलेला प्लॅस्टिकचा डबा आहे, सोमवार ते रविवार, सकाळ-रात्र. पाच औषधं, प्रत्येकाची तीन पाकिटं, हिशोब चोख. त्यांच्यामागे गाडीतून उतरला तो आमच्याच मावळातला पोरगा, छत्तीस वर्षांचा. जमीन विकली, स्कॉर्पिओ घेतली, गळ्यात साखळी, आणि गेल्या वर्षी हृदयात एक स्टेंट. महिन्याचं घेतो, पण मधले दोन महिने आला नव्हता. का, तर ‘आता काय होत नाय वहिनी, फिट आहे.’ तिसरा लोणावळ्याच्या एका हॉटेलात भट्टीवर काम करणारा. लोकलने आला होता, ब्लडप्रेशरची चिठ्ठी सहा महिन्यांपूर्वीची. त्याने दहा घेतल्या. चौथी ठाकरवाडीवरची मावशी. डोक्यावरची पाटी पायरीवर उतरवून ठेवली, पदराच्या गाठीतून पैसे काढले, म्हणाली, ‘चार दे.’

आजार एक, औषधही जवळजवळ तेच. आता या चौघांत जास्त धोका कुणाला? कागदावर बघाल तर बँकेतले काका पहिले. वय चौऱ्याहत्तर, साखर, कोलेस्टेरॉल, बायपास, सगळं आहे. मावशी सडपातळ, दिवसाला दोन डोंगर चढते-उतरते, तेल-तूप तिला ठाऊक नाही. तरी पैज लावायची झाली तर मी मावशीच्या बाजूने लावणार नाही.

माझ्या या अंदाजाला आधार आहे. ‘प्युअर’ नावाचा एक मोठा अभ्यास आहे. सतरा देश, दीड लाखाहून जास्त माणसं, शहरं आणि खेडी दोन्ही, आणि त्यात आपला भारतही. २०१४ साली त्याचे निष्कर्ष आले तेव्हा डॉक्टरमंडळीही चक्रावली. धोक्याचे घटक, म्हणजे कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा वगैरे मिळून, श्रीमंत देशांत सर्वांत जास्त होते आणि गरीब देशांत सर्वांत कमी. हृदयविकाराचे गंभीर झटके आणि मृत्यू मात्र बरोबर उलटे. हृदयाचा किंवा मेंदूचा मोठा झटका आलेल्या शंभरांपैकी श्रीमंत देशांत साधारण साडेसहा जण दगावत होते, गरीब देशांत सतरा. मधला फरक पाडतं ते औषध वेळेवर मिळणं, रोज मिळणं, आणि झटका आल्यावर दवाखान्यापर्यंत पोचणं.

आमच्या घरात मात्र अजून जुनाच हिशोब चालतो. सासूबाई म्हणायच्या, ‘हार्टअटॅक शेठ-सावकाराला. आपण कष्टाची माणसं, आपल्याला कसला?’ त्यांच्या तरुणपणी ते बऱ्याच अंशी खरंही असेल. पण १९९० साली देशातल्या एकूण मृत्यूंपैकी १५ टक्के हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी होत होते, ते २०१६ साली २८ टक्क्यांवर गेले. देशात शेठ-सावकार तेवढे वाढलेले नाहीत.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगायला बरं वाटत नाही, पण त्याच्याशिवाय हा लेख लिहायला मला तोंड नाही.

२००३ चा पाऊस. माझे चुलतसासरे, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, वय एक्कावन्न. पवन मावळात भात, दोन म्हशी, काडीसारखी शरीरयष्टी. सकाळी दहाच्या सुमारास वडापच्या जीपमधून उतरून ते दुकानाच्या पायरीवर येऊन बसले. अंगावर प्लॅस्टिकचा कागद, त्याखाली सदरा ओलाचिंब. मला वाटलं पावसाने. ‘छातीत जळजळतंय, सुनबाई. रात्री वाटाण्याची उसळ खाल्ली, गॅस धरलाय.’ मी ग्लासात पाणी घेतलं, आम्लपित्ताची पुडी सोडली, फसफसलेलं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी पिऊन ढेकर दिला. ‘बरं वाटलं,’ म्हणाले. तासभर बसले, चहा घेतला आणि परत जीपने गावी गेले.

दुपारी पुन्हा दुखायला लागलं. घरात कुणी ओवा दिला, कुणी छातीला तेल चोळलं. संध्याकाळी ते घामाने थबथबले आणि डावा हात जड झाला म्हणाले, तेव्हा गाडी शोधायला सुरुवात झाली. त्या दिवशी ओढ्याला पाणी होतं. गाडी मिळाली ती साडेनवाला. जवळच्या एका दवाखान्यात पट्टी काढली, म्हणजे ईसीजी, आणि डॉक्टर म्हणाले, ‘उशीर झालाय, पुढे न्या.’ पुढे नेताना जुन्या हायवेवर देहूरोडच्या अलीकडे आप्पा गेले. रात्रीचा एक वाजला होता.

पुढे कधीतरी मी ‘क्रिएट’ या नोंदणीबद्दल वाचलं. भारतभरातल्या ८९ रुग्णालयांतले वीस हजारांवर हृदयरुग्ण, २००८ साली प्रसिद्ध झालेली. त्यात एक आकडा होता: दुखायला लागल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंत लागलेला वेळ, मधला रुग्ण धरला तर ३६० मिनिटं. सहा तास. आप्पा पंधरा तासांतही पोचले नाहीत, आणि त्यातला एक अख्खा तास माझ्या दुकानाच्या पायरीवर गेला.

नेमकं काय चाललं होतं त्यांच्या छातीत? हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या तीन मुख्य नळ्या असतात. त्यांच्या आतल्या अंगाला वर्षानुवर्षं चरबीचा थर साचतो, शेवाळ धरल्यासारखा. एक दिवस त्या थराला चीर पडते, शरीराला वाटतं जखम झाली, आणि जखम बुजवायला रक्त तिथे गोठतं. नळी बंद. तिच्यापुढचा हृदयाचा स्नायू तासातासाने मरत जातो. पहिल्या तासा-दोन तासांत गुठळी विरघळवली किंवा फुग्याने नळी उघडली तर बरंचसं हृदय वाचतं. बारा तास उलटले की त्याचा फायदा फार कमी होतो. ढेकर येण्याचा या सगळ्याशी काहीएक संबंध नाही. जठर आणि हृदय शेजारी आहेत, दुखणं सांगणाऱ्या नसाही जवळजवळच्या, म्हणून माणूस फसतो. मीही फसले.

आणि एक गोष्ट आहे ती मला अजून टोचते. १९८८ साली ‘आयसिस-२’ नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता, सतरा हजार रुग्णांवरचा. झटका आल्यावर साधी ॲस्पिरिन दिली तर मृत्यू जवळजवळ पावपट कमी होतात, आणि गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज सोबत दिलं तर चाळीस टक्क्यांनी कमी होतात, हे त्यात दिसलं. म्हणजे आप्पा पायरीवर बसले होते तेव्हा हे ज्ञान पंधरा वर्षांचं झालं होतं, आणि गोळी माझ्या पाठीमागच्या फळीवर होती.

आता दुकानात कुणी ‘गॅस’ म्हणालं की मी पुडीला हात लावायच्या आधी विचारते. घाम येतोय का? छातीवर दगड ठेवल्यागत वाटतंय का? जबड्यात, खांद्यात, हातात कळ जाते का? चालल्यावर वाढतं का? एकाला जरी ‘हो’ आलं तरी पुडी नाही, १०८ ला फोन आणि जिथे पट्टी निघते तिथे रवानगी. ईसीजीला पाच मिनिटं लागतात. ॲस्पिरिनची ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायची ती फोनवरच्या डॉक्टरांनी सांगितल्यावर. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल, पोटात जखम होऊन रक्त जात असेल तर ती चालत नाही. आणि तोंड वाकडं झालंय, हात लुळा पडलाय, बोलणं जड आलंय, अशा माणसाला तर ती हातात देऊच नये. तो मेंदूचा झटका असतो. आत गुठळी आहे की रक्तस्राव, ते स्कॅन केल्याशिवाय कुणालाच कळत नाही. पुडी न मिळाल्यामुळे माझ्यावर रागावून गेलेली गिऱ्हाइकं आहेत. चार जण पट्टी काढून ‘नॉर्मल निघालं, फुकट शंभराची नोट गेली’ म्हणून ऐकवून गेले. ऐकवू देत.

पण आप्पा तर काडीसारखे होते. विडी नाही, दारू नाही. मग?

याचं उत्तर पुण्यातच शोधलं गेलंय, आणि ते जगात गाजलंय. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायांचा अभ्यास हाती घेतला. दिवस राहण्याआधीपासून बाळ जन्मेपर्यंत आणि पुढे ते बाळ मोठं होईपर्यंत. बाळं जन्मली ती सरासरी २.७ किलोची. इंग्लंडातली साडेतीन किलोच्या आसपासची. आपली बाळं हाडा-मांसाने बारीक, पण चरबी मात्र त्या मानाने राखून ठेवलेली. ‘बारीक पण चरबीयुक्त’ बाळ. आईच्या पोटात अन्न कमी पडलं की शरीर पुढच्या दुष्काळाची बेगमी करतं, स्नायूंवर खर्च कमी आणि साठवण जास्त. पुढे दुष्काळ आलाच नाही, वडापाव आला, की त्या शरीराची गडबड होते. साखर वाढते, रक्तदाब चढतो, नळ्या लवकर खराब होतात.

याज्ञिकांनी स्वतःचंच एक छायाचित्र २००४ साली लॅन्सेटमध्ये छापलं, इंग्लंडमधले मित्र जॉन युडकिन यांच्यासोबत. दोघांचं उंचीच्या मानाने वजन अगदी सारखं, बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांच्या ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. वरून बघून कळत नाही. मी हे वाचल्यापासून दुकानात टेप ठेवली आहे. काट्यापेक्षा कमरेचा घेर जास्त सांगतो. पुरुषांना ९० सेंटीमीटर आणि बायकांना ८० ही आपल्या लोकांसाठीची रेघ. पोरं हसतात, ‘वहिनी, पँट शिवताय का?’

म्हणजे स्कॉर्पिओवाल्या पोराची गोष्ट त्याच्या आईच्या पोटात सुरू झालेली. त्याची आई भातलावणीत नऊ महिने भरेपर्यंत वाकलेली, खायला नाचणीची भाकरी आणि कोरड्यास. त्याचं शरीर त्या कमाईवर घडलं आणि हातात पैसा आला तो एकरकमी, एक्स्प्रेस वे आणि एमआयडीसीच्या भावाने. आता तो शेताच्या बांधापर्यंतही बुलेटने जातो. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका बाकीच्यांच्या मानाने पाच-सहा वर्षं आधी येतो, ५३ व्या वर्षाच्या आसपास, असं ‘इंटरहार्ट’ या बावन्न देशांच्या अभ्यासाच्या आकड्यांवरून २००७ साली मांडलं गेलं. ती मांडणी करणाऱ्यांत नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी पुढे होते. आमच्या मावळात मात्र मला पन्नाशीसुद्धा लांब वाटायला लागली आहे.

पैसेवाल्यांच्या हृदयावर लोणावळ्यात शंभर वर्षांपासून काम चालू आहे, हेही सांगायला हवं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढलं आणि आसनं करताना रक्तदाबाचं काय होतं ते यंत्राने मोजायला घेतलं. योग प्रयोगशाळेत तपासायचा, ही कल्पनाच तेव्हा नवी होती. १९२७ मध्ये रक्तदाबाने आजारी पडल्यावर गांधीजींनी आसनांबद्दल कुवलयानंदांशीच पत्रव्यवहार केला होता. त्या काळी रक्तदाबावर खात्रीचं औषध जवळजवळ नव्हतंच. ते यायला १९४९ साल उजाडलं. मुंबईच्या केईएममधले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या आपल्याकडच्या मुळीवरचा निबंध ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि जगाने मान वळवली. आजही एखादा म्हातारा सर्पगंधा मागतो. मी त्याला सांगते, बाबा, ती मुळी मोठी आहे, पण तिच्यानंतर पुष्कळ बऱ्या गोळ्या आल्या, त्या घे.

आता एक आजार असा सांगते जो बंगल्यात आढळतच नाही म्हटलं तरी चालेल. आंदर मावळातल्या एका वाडीवरची मुलगी, तेव्हा चौदा वर्षांची. शाळेत जायला चढण आहे, तिथे दम लागायचा. गुरुजींना वाटलं, अभ्यास चुकवते. आरोग्य तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि कपाळाला आठ्या घातल्या. संधिवाताचा ताप लहानपणी येऊन गेलेला, त्याने हृदयाची झडप आकसलेली. हे होतं कसं? घसा दुखतो, तो एका जातीच्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूने. शरीर त्या जंतूशी लढतं, पण जंतूचं आणि हृदयाच्या झडपांचं रूप काही अंशी सारखं असल्यामुळे लढाईत झडपाही भाजतात. दाटीवाटीचं घर, एका खोलीत सात माणसं, ओल, घसा दुखला तर मिठाच्या गुळण्या आणि बस्स. श्रीमंत देशांत चांगली घरं झाली, पेनिसिलीन मिळालं, आणि हा आजार जवळजवळ उठला. आमच्या वाडीवर अजून आहे, आणि तो तरुण पोरींना गाठतो. बाळंतपणात तर जिवावर बेततो.

यावर औषध आहे, स्वस्त आहे, जुनं आहे: पेनिसिलीनचं लांब टिकणारं इंजेक्शन, दर एकवीस दिवसांनी, कित्येक वर्षं. एक चुकलं आणि पुन्हा घसा धरला की झडप आणखी बिघडते. मी तिच्या तारखा दुकानातल्या कालनिर्णयवर लाल शाईने गोल करून ठेवायची, संकष्टीच्या शेजारीच. आईला फोन नव्हता. वाडीतलं कुणी बाजाराला दिसलं की निरोप धाडायचा, ‘तिला सांगा, बुधवार.’ इंजेक्शन सरकारी दवाखान्यात टोचतात, ते फार दुखतं, पोरगी आदल्या रात्रीपासून रडायची. तिची आई एकदा मला म्हणाली, ‘पडशानं कुनाचं काळीज बिघडतं व्हय?’ मी शिकलेली बाई, पण तिला समजेल असं उत्तर द्यायला मला दहा मिनिटं लागली. मुलीच्या झडपेची शस्त्रक्रिया पुढे सरकारी योजनेतून झाली. आता ती तेवीस वर्षांची आहे, आणि घसा दुखला की सगळ्यात आधी धावत माझ्याकडे येते.

बायकांचं आणखी एक आहे, ते डॉक्टरांसमोर बोललं जात नाही, बाई काउंटरला असली तर बोललं जातं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांत लघवी जास्त करवणारं औषध मिसळलेलं असतं. औषध उत्तम, स्वस्त. पण जूनच्या शेवटी लावणी सुरू झाली की माझ्याकडची ती विक्री खाली येते. पुरुषांना वाटतं, बायका कामाच्या गडबडीत विसरतात. विसरत नाहीत. दिवसभर उघड्या खाचरात गुडघाभर चिखलात उभं राहायचं, आजूबाजूला दहा माणसं, आडोसा नाही. गोळी घेतली तर दर तासाला जायचं कुठे? म्हणून त्या गोळी सोडतात, आणि पाणीही कमी पितात. एकीने मला हे सांगितलं तेव्हा मी तिला डॉक्टरांकडे परत पाठवलं, त्यांनी औषध बदलून दिलं. प्रश्न एका चिठ्ठीचा होता, पण तो विचारायला तिला तीन पावसाळे लागले.

आणि मिश्री. सकाळी चुलीपुढे बसून भाजलेली तंबाखू दातांना चोळायची, तासन् तास. राज्यात २०१६-१७ साली झालेल्या पाहणीत २४ टक्के प्रौढ धूर न करणारी तंबाखू वापरत होते, ओढणारे चारसुद्धा नव्हते. आमच्याकडे विडी ओढणारी बाई वाईट, मिश्रीवाली सुगरण. हृदयाला हा भेद कळत नाही. तंबाखू चघळणाऱ्यालाही झटक्याचा धोका दुपटीच्या घरात जातो.

गोळी सोडण्याचं दुसरं कारण स्त्री-पुरुष, गरीब-श्रीमंत सगळ्यांत सारखं. ‘बीपी नॉर्मल आलं, मग कशाला घ्यायची?’ मी त्यांना पवना धरण दाखवते. पावसाळ्यात दारं उघडली म्हणून पाण्याची पातळी आटोक्यात आहे. पातळी बरी दिसली म्हणून दारं लावून घ्याल का? हे समजतं. लोकांना धरण समजतं, निम्म्यांच्या जमिनी त्यातच गेल्या आहेत.

राहिला पैसा. रक्तदाबाची साधी गोळी दोन-तीन रुपयांची. उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ती फुकट मिळते, तिशीच्या वरच्यांची तपासणीही होते, आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात. मग मावशी माझ्याकडे पैसे देऊन चार का घेते? कारण केंद्र उघडं असतं त्याच वेळात हजेरी असते. चारशे-पाचशेची हजेरी बुडवून वीस रुपयांची फुकट गोळी आणायला कोण जाईल? शेजारच्या साताऱ्यासह राज्यातल्या चार जिल्ह्यांत २०१८ च्या सुमाराला रक्तदाब नियंत्रणाचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. त्यात साधी गोष्ट केली होती: रुग्णाला एका खेपेला महिन्याच्या गोळ्या द्यायच्या आणि आला नाही तर त्याचा माग काढायचा. मला तर यापेक्षा मोठा शोध लागल्याचं ठाऊक नाही.

मोठ्या उपचाराचं चित्र थोडं बदललंय, ते मान्य करायला हवं. ‘क्रिएट’मध्ये श्रीमंत रुग्णांतल्या १५ टक्क्यांची अँजिओप्लास्टी झाली होती, गरिबांतल्या दोनच टक्क्यांची, महिन्याभरात दगावले ते श्रीमंतांतले साडेपाच टक्के आणि गरिबांतले आठच्या वर. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने औषध लावलेल्या स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली. त्याआधी तो लाखाच्या पुढे जायचा. महात्मा फुले योजनेत अँजिओप्लास्टी, बायपास, झडपेची शस्त्रक्रिया होते. पण योजना रुग्णालयाच्या दारात सुरू होते. त्या दारापर्यंतचा रस्ता, जुलैतल्या रविवारी भुशी धरणाकडे निघालेल्या गाड्यांच्या रांगेतून रुग्णवाहिका काढणं, आणि घरी आल्यावर जन्मभर रोज लागणाऱ्या गोळ्या, हे सगळं तिच्या बाहेर राहतं.

पावसाचीच आणखी एक गोष्ट, औषधवाल्यालाच सुचेल अशी. टेल्मिसार्टन नावाची रक्तदाबाची गोळी ओल धरते. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस. चांदीच्या पाकिटातून काढून डबीत ओतली की आठवड्यात मऊ पडते. म्हणून मी कापताना आता प्रत्येक गोळीभोवती कड जरा रुंद सोडते.

आणि नाव लिहिते. आप्पांच्या नंतर दोन-एक वर्षांनी सुरू केलं. खाकी कागदाची छोटी पाकिटं आणून ठेवलीत. कापलेल्या तुकड्याबरोबर एक द्यायचं, त्यावर बॉलपेनने मराठीत औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, सकाळी की रात्री, आणि मुदत. गर्दीच्या वेळी नवरा कुरकुरतो, ‘चार गोळ्यांना एवढं लिखाण?’

त्या सोमवारी ठाकरवाडीच्या मावशीलाही मी पाकीट काढलं, तर तिने हात आडवा केला. कमरेची चंची सोडली, सुपारी आणि चुन्याच्या डबीमागून जुनं पाकीट बाहेर काढलं. घामाने काळं पडलेलं, घडीवर फाटलेलं, पण ‘ॲम्लोडिपिन ५, सकाळी’ एवढं वाचता येत होतं. तिला वाचता येत नाही. ‘ह्यातच घाल,’ म्हणाली, ‘मागं ताप आल्ता तवा डाक्टरला ह्येच दावलं.’ मी तारीख खोडून नवी लिहिली आणि विचारलं, ‘मावशी, दहा देऊ का? पैसे पुढच्या बाजारी दे.’

तिने जरा विचार केला. ‘सहा दे,’ म्हणाली.